शाळेच्या बँडमधला ट्रॉम्बोन : जुन्या विद्यार्थी-वाद्यांची पार्श्वभूमी

अमेरिकेतील जुन्या वाद्यांच्या बाजारात विसाव्या शतकाच्या मध्यातील ‘स्टुडंट’ ट्रॉम्बोन, म्हणजे विद्यार्थ्यांसाठी केलेली, नळी मागेपुढे सरकवून स्वर बदलायची पितळी फुंकवाद्ये, आजही सहज मिळतात. पेटीचे कोपरे झिजलेले, लॅकर (चकाकीचा संरक्षक लेप) उडालेले आणि बेलच्या, म्हणजे वाद्याच्या रुंद तोंडाच्या, कडेवर एखादा पोचा, अशा अवस्थेतले हे वाद्य पाहून ते मुळातच हलक्या प्रतीचे असावे असा समज होतो, पण तो बहुतांशी चुकीचा आहे. ही वाद्ये स्वस्त होती हे खरे. मात्र त्यांचा स्वस्तपणा विचारपूर्वक ठरवलेला होता, आणि तो समजून घेण्यासाठी आधी शालेय बँडच्या चळवळीकडे पाहावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील गावोगावच्या हौशी बँडपथकांनी पितळी वाद्यांच्या कारखान्यांना मोठे केले. इंडियानातील एल्कहार्ट येथे यादवी युद्धात लढलेल्या चार्ल्स जेरार्ड कॉन याने 1870च्या दशकात रबरी कडेच्या माउथपीसपासून (वाद्याला ओठ लावायच्या भागापासून) धंदा सुरू केला आणि पाहता पाहता ते गाव वाद्यनिर्मितीचे केंद्र बनले. क्लीव्हलँडमध्ये हेंडरसन व्हाइट याने 1893 मध्ये ‘किंग’ वाद्यांचा कारखाना उभारला, तर फ्रँक होल्टन या मूळच्या ट्रॉम्बोनवादकाने शिकागोत सुरू केलेला व्यवसाय 1918 मध्ये विस्कॉन्सिनमधील एल्कहॉर्नला नेला. परंतु ग्रामोफोन, रेडिओ आणि मोटारगाडी घरोघर पोहोचल्यावर रविवारी बागेत वाजणारी गावाची बँडपथके विरळ होत गेली. 1915 मध्ये कॉन कंपनी विकत घेणारे कार्ल ग्रीनलीफ यांनी पुढचे गिऱ्हाईक शाळेत शोधले. 1923 मध्ये शिकागो येथे शालेय बँडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि तिच्यामागे वाद्यनिर्मात्यांचा पाठिंबा होता. यात संगीतप्रेम किती आणि व्यापार किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. परिणाम मात्र स्पष्ट आहे, कारण त्यानंतर बँड हा हजारो शाळांच्या अभ्यासक्रमाचा भाग झाला.

सुरुवातीला या नव्या गिऱ्हाइकासाठी वेगळे नाव लावून वाद्ये विकली जात. कॉनची ‘पॅन-अमेरिकन’ आणि व्हाइट यांची ‘क्लीव्हलँड’ ही अशी दुय्यम नावे होती. मुख्य नावाची प्रतिष्ठा व्यावसायिक वादकांसाठी राखून ठेवायची, हा त्यामागचा हिशेब. दुसऱ्या महायुद्धात धातूंवर निर्बंध आले आणि कारखाने युद्धसामग्रीकडे वळले. युद्ध संपताच मुलांची आणि शाळांची संख्या झपाट्याने वाढली, मागणी उसळली, आणि मग मुख्य नावाखालीच खास विद्यार्थ्यांसाठी आखलेली वाद्ये निघू लागली.

त्यातले सर्वांत नावाजलेले वाद्य म्हणजे ओल्ड्स कंपनीचे ‘अँबॅसडर’. ते घडवणारे फॉस्टर रेनॉल्ड्स हे व्हाइट यांच्या कारखान्यात तयार झालेले कारागीर. त्यांनी 1936 मध्ये स्वतःची कंपनी काढली, पुढे ती विकली, आणि 1940च्या दशकाच्या अखेरीस ते कॅलिफोर्नियात ओल्ड्समध्ये दाखल झाले. व्यावसायिक दर्जाची वाद्ये करण्यात हयात घालवलेल्या माणसाने मुलांच्या वाद्याची आखणी करावी, हा योग मला निर्णायक वाटतो, कारण ‘अँबॅसडर’मध्ये काटकसर दिसते ती सजावटीत, सांध्यांच्या आणि स्लाइडच्या (सरकत्या नळीच्या) कामात ती फारशी दिसत नाही. 1950च्या दशकात कॉननेही ‘डायरेक्टर’ ही मालिका आणली. तिच्यातील 18एच या ट्रॉम्बोनची बेल ‘कोप्रिऑन’ची, म्हणजे विद्युत्-विलेपनाने साच्यावर तांब्याचा थर चढवून घडवलेली, बिनजोडाची होती. सेल्मर या वाद्यनिर्मात्या कंपनीच्या अमेरिकन शाखेचे जॉर्ज बंडी यांच्या नावाची ‘बंडी’ वाद्ये, होल्टनची ‘कॉलेजिएट’ आणि किंगचे 606 हीही याच वर्गातली.

या सर्वांची रचना बरीच सारखी आहे. बी फ्लॅट ट्रॉम्बोनची एकूण नळी सुमारे नऊ फूट लांबीची असते आणि स्लाइडच्या सात स्थानांवरून सगळे स्वर काढावे लागतात. सातवे स्थान इतके दूर असते की दहा-अकरा वर्षांच्या मुलाचा हात तिथवर सहसा पोहोचत नाही. त्यामुळे प्राथमिक धडे जवळच्या स्थानांवर बेतलेले असतात, आणि वाद्यही शक्य तितके हलके ठेवतात. अंगठ्याने चालवायचा एफ व्हॉल्व्ह (हवेच्या वाटेत जादा नळी जोडणारी झडप) लांब स्थानांना पर्याय देतो, पण वजन आणि किंमत वाढवतो, म्हणून नवशिक्यांच्या वाद्यात तो बहुधा नसतो. नळीचा आतील व्यास साधारण 0.485 ते 0.500 इंच, म्हणजे 12.3 ते 12.7 मिलिमीटर असतो. आजच्या वाद्यवृंदातील ट्रॉम्बोनचा प्रचलित व्यास 0.547 इंच आहे. अरुंद नळीला कमी हवा पुरते, हे कारण सांगितले जाते आणि ते खरेही आहे. तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : शतकाच्या पूर्वार्धात नृत्यसंगीत आणि जॅझ वाजवणारे व्यावसायिक वादकही अशाच अरुंद नळ्यांची वाद्ये वापरत. मुलांसाठी वेगळे माप शोधून काढले गेले असे नाही. मोठ्यांचे माप रुंदावत गेले आणि मुलांचे होते तिथेच राहिले.

खरी कसोटी स्लाइडची. बाहेरची नळी ज्यांवरून सरकते त्या आतल्या दोन नळ्या बहुधा जर्मन सिल्व्हरच्या (नावात सिल्व्हर असले तरी हा तांबे, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू) आणि त्यांवर क्रोमचा मुलामा. नळ्यांची टोके किंचित जाड ठेवतात, म्हणजे घर्षण तेवढ्याच भागापुरते उरते. दोन्ही नळ्या नेमक्या समांतर नसतील तर कितीही तेल घातले तरी स्लाइड अडकतेच. शाळेतल्या वाद्याचे नशीब म्हणजे पडणे, आपटणे आणि कपाटात कोंबले जाणे, आणि या हालात सर्वांत आधी बिघडतो तो हाच भाग.

1960च्या दशकानंतर या कारखान्यांचे स्वरूप बदलले. पती हेंडरसन यांच्या निधनानंतर पाव शतक कंपनी सांभाळणाऱ्या एडना व्हाइट यांनी 1965 मध्ये ती विकली. कॉन 1969 मध्ये एका प्रकाशन समूहाकडे गेली. ओल्ड्सचा कारखाना 1979 मध्ये बंद पडला. त्याच काळात जपानच्या यामाहाने या बाजारात पाय रोवले, आणि पुढे तिच्या वायएसएल-354 या मॉडेलने अनेक शाळांत ‘अँबॅसडर’ची जागा घेतली. त्याच्या नळीचा व्यासही 12.7 मिलिमीटरच आहे.

जुने वाद्य निवडणारे जाणकार म्हणूनच बेलवरील पोच्यांकडे फारसे लक्ष देत नाहीत. ते तेल दिलेली स्लाइड उभी धरून बाहेरची नळी हळूच सोडतात आणि खाली दुसरा हात तयार ठेवतात. ती न अडखळता स्वतःच्या वजनाने घसरत आली, तरच बाकीच्या दुरुस्तीचा खर्च विचारतात.