गोल पाइपवर कोटिंगचं मीटर का फसतं?

भोसरी-चाकणकडच्या पेंट शॉपमध्ये कोटिंगची जाडी मोजायचं मीटर कुठल्याही कंपनीचं असू दे, त्याला एल्कोमीटरच म्हणतात, वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसं. एल्कोमीटर ही मूळ मँचेस्टरची कंपनी, १९४७ सालची. पण थर मोजायची भानगड त्याच्या आधीपासूनची आहे.

आधी माल खराब केल्याशिवाय नीट आकडा मिळायचाच नाही. जस्ताचा थर बघायचा तर तुकडा कापा, वजन करा, अ‍ॅसिडमध्ये जस्त उतरवा, परत वजन करा. नाहीतर प्रीस टेस्ट, म्हणजे मोरचुदाच्या पाण्यात मिनिट-मिनिट बुडवत राहायचं आणि तांबं कितव्या बुडीला चिकटतं ते बघायचं, पण त्यातून कळते फक्त सगळ्यात पातळ जागा.

मग १९३० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये अ‍ॅबनर ब्रेनरने लोहचुंबक आणि स्प्रिंग वापरून मोजायची पद्धत बसवली (इलेक्ट्रोलेस निकेलवाला, म्हणजे वीज न लावता निकेल चढवायची पद्धत काढणारा ब्रेनर तो हाच). लोखंडावर थर जाड तर चुंबकाची पकड ढिली, किती जोर लावल्यावर सुटतो त्यावरून जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग). पुढे चुंबकाच्या जागी कॉइल आली, आणि अ‍ॅल्युमिनियमसाठी एडी करंट, म्हणजे धातूत भोवऱ्यासारखे फिरणारे विजेचे प्रवाह, जे फ्रेंच शास्त्रज्ञ फूकोने १८५५ मध्येच दाखवले होते.

आता गोची अशी की मीटर कॅलिब्रेट करतात सपाट पत्र्यावर. बारीक पाइपवर प्रोब (मीटरचं टेकवायचं टोक) टेकवला की बाजूचं लोखंड खाली वळून लांब जातं, मीटरला वाटतं लोखंडच लांब आहे म्हणजे थर जाड, आणि आकडा जास्त येतो. बोअरच्या, म्हणजे पाइपच्या भोकाच्या, आत उलटं, कमी दाखवतं. म्हणजे बाहेरून कमी पेंट मारलेला पाइप बिनधास्त पास!

चुंबकाच्या पद्धतीचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २१७८ आणि एडी करंटचं २३६०, दोन्हीत गोलाईबद्दल इशारा आहे, त्याच गोलाईच्या कोऱ्या, म्हणजे कोटिंग नसलेल्या, तुकड्यावर झिरो मारायचा (मीटर शून्यावर आणायचं). तरी बॉक्समधल्या सपाट प्लेटवर झिरो मारून पाइप तपासणारे अजून भेटतात. प्रोबला व्ही खाच असली की झालं असंही काहींना वाटतं, पण ती खाच फक्त प्रोब सरळ धरते, गोलाईची चूक जशीच्या तशी राहते. आणि माहीत असलेल्या जाडीची फॉइल लावून मीटर चेक करताना कडक जाड फॉइल बारीक रॉडवर नीट बसत नाही, खाली हवा राहते आणि तीपण मायक्रॉनमध्ये मोजली जाते, त्यामुळे तिथे पातळ फॉइलच घ्या.