‘सिंड्रोम’ शब्दाने घातलेला घोळ

“त्यानंतरही तू त्याच्याच शेजारी जेवायला बसायचीस ना?” उलटतपासणीत मुलगी “हो” म्हणते आणि ज्यूरीच्या मनात संशय शिरतो. लैंगिक शोषणाच्या खटल्यांत मानसतज्ज्ञाची साक्ष आली ती या संशयाला उत्तर म्हणून.

१९८३ साली एका अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने शोषण झालेल्या मुलांच्या वागण्यातल्या पाच गोष्टी मांडल्या: गुप्तता, असहायता, अडकल्यावर जुळवून घेणे, उशिरा व अडखळत सांगणे आणि सांगितलेले मागे घेणे. निरीक्षणे मोलाची होती, पण त्यांना नाव मिळाले ‘सिंड्रोम’, म्हणजे ज्यावरून निदान करता येते असा लक्षणसमूह. तिथेच घोळ झाला. १९६२ पासून वैद्यकात मारहाण झालेल्या मुलांचा ‘सिंड्रोम’ रूढ होता. त्यात वेगवेगळ्या वेळी मोडलेली हाडे पाहून डॉक्टर मारहाणीपर्यंत पोहोचू शकतो. १९८३ ची मांडणी याच्या नेमकी उलटी. शोषण झाले आहे हे धरून चालायचे आणि मूल असे का वागते ते समजावायचे. त्या वागण्यावरून शोषण सिद्ध होत नाही. तरी काही खटल्यांत सरकार पक्षाने ती पुराव्यासारखी वापरली. मुलाने ठामपणे सांगितले तर खरे, जबाब फिरवला तरी खरेच! बचाव पक्षाचा हा आक्षेप रास्त होता. १९९२ मध्ये ती मांडणी करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञानेच बजावले, की हे निदान नव्हे.

शरीराच्या तपासणीतही अशीच घाई झाली. १९८७ मध्ये उत्तर इंग्लंडमध्ये काही महिन्यांत १२१ मुलांचे शोषण झाल्याचे निदान झाले. गुदद्वाराच्या एका खुणेवर त्यात फार भिस्त होती. ती खूण एकटी पुरेशी नाही, असे पुढच्याच वर्षी चौकशी अहवालाने सांगितले. शोषण झालेल्या बहुतेक मुलांची तपासणी नॉर्मलच येते, हे त्यानंतरच्या अभ्यासांतून पक्के झाले.

अमेरिकेतल्या अनेक न्यायालयांनी मधली वाट काढली होती: तज्ज्ञाने मुले सर्वसाधारणपणे कशी वागतात एवढेच सांगावे, समोरचे मूल खरे बोलते का यावर मत देऊ नये. ही वाट पुरेशी होती, असे मला वाटते. पण २०१८ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शास्त्रीय आधार अपुरा म्हणत ‘सिंड्रोम’वरची साक्षच बंद केली. उशिरा सांगण्याबद्दल तेवढे बोलता येते, तेही सामान्य ज्यूररला ते उमगण्यासारखे नसेल तरच. आईच्या रडण्याने, घर मोडण्याच्या धाकाने जबाब फिरवणाऱ्या मुलाबद्दल तिथे तज्ज्ञाला आता काही बोलता येत नाही.