बाप्तिस्मा झाला म्हणजे सगळं झालं?
नाशिकरोडला फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेची गर्दी असते ना, तिथे दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, तुमचं बरंय बाबा, एकदा बाप्तिस्मा घेतला, मेणबत्ती लावली, पापं माफ, मग वर्षभर मोकळे! शरणपूरकडची आपली काही ख्रिस्ती मंडळीही हेच धरून बसलीत, हसावं की रडावं.

तसं नाहीये. बाप्तिस्मा हा ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी, पण त्याच्यासोबत पश्चात्तापही हवा. पश्चात्तापाला नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या भागात, मूळ ग्रीक शब्द आहे मेटानोइया, म्हणजे मनच बदलणं, नुसतं सॉरी नाही. बायबलमधला जक्कय बघा, जकातदार माणूस, येशू भेटल्यावर त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायची म्हटली आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत. आणि बायबलमधल्या लूकच्या पुस्तकात (लूक ९:२३) येशू म्हणतो तो वधस्तंभ, म्हणजे त्याच्यामागे चालताना सोसायचा भार, उचलायचाय तो दररोज, रविवारपुरता नाही. मेणबत्ती लावा की, पण शेजाऱ्याचे अडकवलेले पैसेही द्या.