सोरोसवरची टीका आणि सोरोसआडून बोलला जाणारा ज्यूद्वेष

जॉर्ज सोरोस हे चलनाच्या सट्ट्यातून श्रीमंत झालेले आणि जगभरच्या संस्थांना देणग्या देणारे अमेरिकन अब्जाधीश. सप्टेंबर 1997 मध्ये हाँगकाँगला जागतिक बँक आणि नाणेनिधीची वार्षिक बैठक भरली होती. तिथे मलेशियाचे पंतप्रधान महाथीर मोहम्मद म्हणाले की चलनावरची सट्टेबाजी अनावश्यक, अनुत्पादक आणि अनैतिक आहे, ती बेकायदा ठरवली पाहिजे. पुढच्याच महिन्यात मायदेशातल्या सभेत त्यांचा सूर वेगळा होता. हा ज्यूंचा कट आहे असं आम्हाला म्हणायचं नाही, पण चलन घसरवलं ते एका ज्यूनं आणि योगायोगानं सोरोस ज्यू आहे, अशा आशयाचं ते बोलले. माणूस तोच, रिंगिट या मलेशियाच्या चलनाची घसरण तीच. पहिल्या विधानावर अर्थतज्ज्ञ भांडू शकतात, आणि ते भांडलेही. दुसऱ्या विधानातून रिंगिट का घसरला हे कळत नाही, राग कोणावर काढायचा एवढंच कळतं.

महाथीर यांनी निदान 'ज्यू' हा शब्द उच्चारला. युरोपातल्या लोकानुनयी राजकारणात तो आता सहसा उच्चारला जात नाही, आणि गोंधळ तिथेच होतो. लेकी बोले सुने लागे, अशी ही भाषा असते. ती ओळखायची तर तिचे जुने सुटे भाग माहीत हवेत: लपून चालवलेली सत्ता, घाम न गाळता केलेला पैसा, मायभूमी नसणं, आणि बँका, वर्तमानपत्रं, सरकारं सगळी एकाच मुठीत असणं. 1903 मध्ये रशियात छापली गेलेली 'प्रोटोकॉल्स' ही, जग ताब्यात घेण्याचा ज्यूंचा कट म्हणून खपवलेली बनावट कागदपत्रं याच भागांतून जुळवलेली होती. 1864 मध्ये तिसऱ्या नेपोलियनवर टीका करण्यासाठी लिहिलेल्या एका फ्रेंच पुस्तकातला मजकूर त्यात उचलला आहे, हे लंडनच्या 'टाइम्स'नं 1921 मध्येच दाखवून दिलं. तरी भाग टिकले. 1948-49 मध्ये स्टालिनच्या राजवटीनं 'मुळं नसलेले विश्वनागरिक' हा शब्दप्रयोग वापरला. 1968 मध्ये पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारनं 'झायोनिस्ट' (ज्यू राष्ट्राचे समर्थक) म्हणत, इस्रायलशी काही संबंध नसलेल्या ज्यूंना नोकऱ्यांतून काढलं आणि हजारोंना देश सोडायला लावला.

आता हंगेरीतलं एक भाषण जवळून पाहू. 15 मार्च 2018, राष्ट्रीय दिन, बुडापेस्ट. निवडणूक तोंडावर आलेली. सोरोस यांना प्रचारातला खलनायक केलेले पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान शत्रूचं वर्णन करतात. तो आपल्यापेक्षा वेगळा आहे. उघड नाही, लपलेला आहे. सरळ नाही, धूर्त आहे. राष्ट्रीय नाही, आंतरराष्ट्रीय आहे. कामावर त्याचा विश्वास नाही, तो पैशांवर सट्टा खेळतो. त्याला स्वतःची मायभूमी नाही, पण सगळं जग आपल्या मालकीचं आहे असं त्याला वाटतं. ज्यू हा शब्द कुठेही नाही. पण वर सांगितलेले भाग एकेक करून लावून पाहा, जवळजवळ सगळे जागेवर बसतात. यात तपासून पाहता येईल असं एकच विधान आहे, सट्ट्याचं. बाकी कशालाही पुराव्यानं उत्तर देता येत नाही, कारण तो कृतीवरचा आरोप नाही, जातकुळीचं वर्णन आहे. जॉर्ज सोरोस यांचा जन्म 1930 चा, बुडापेस्टचाच. 1944 मध्ये, ते 13-14 वर्षांचे असताना, त्यांच्या कुटुंबानं खोट्या कागदपत्रांवर जीव वाचवला. त्याच वर्षी 15 मे ते 9 जुलै या आठ आठवड्यांत हंगेरीतून सुमारे 4,37,000 ज्यूंना रेल्वेनं बाहेर पाठवलं गेलं, त्यातल्या बहुतेकांना आउश्वित्झच्या नाझी मृत्युछावणीत. त्याच देशात 'त्याला मायभूमी नाही' हे शब्द कुठे जाऊन लागतात, हे हंगेरियन श्रोत्याला समजावून सांगावं लागत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: वक्त्याच्या मनात तसं नव्हतं. नसेलही. सोरोस यांना निवडणुकीतला खलनायक करण्याची कल्पना ओर्बान यांच्या दोन अमेरिकन सल्लागारांची होती, आणि ते दोघेही स्वतः ज्यू होते. म्हणून वक्त्याच्या मनात डोकावण्याचा नाद सोडावा. वाक्य काय काम करतं ते पाहावं. जुलै 2017 मध्ये हंगेरीभर सोरोस यांच्या हसऱ्या चेहऱ्याची सरकारी पोस्टरं लागली, 'शेवटी हसण्याची संधी सोरोसला मिळू देऊ नका' अशा मजकुराची. त्यातल्या काहींवर लोकांनी स्वतःच्या हातानं ज्यूंना शिव्या लिहिल्या. न छापलेला शब्द वाचणाऱ्यानं भरला. हंगेरीतल्या ज्यू संघटनेच्या अध्यक्षांनी मोहीम थांबवा असं जाहीरपणे सांगितलं. सरकारचं म्हणणं होतं की विरोध स्थलांतराच्या धोरणाला आहे, धर्माला नाही.

दुसऱ्या बाजूची चूकही तितकीच नुकसानीची आहे. सोरोस यांच्यावरची प्रत्येक टीका ज्यूद्वेष ठरवणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं. 16 सप्टेंबर 1992 ला ब्रिटिश पौंड युरोपीय चलनांचे दर एकमेकांशी बांधणाऱ्या युरोपीय विनिमय यंत्रणेतून बाहेर पडला, आणि पौंड पडणार या हिशेबानं केलेल्या व्यवहारात त्यांच्या फंडानं सुमारे 1 अब्ज डॉलर कमावले. फ्रान्समध्ये आतल्या माहितीवर शेअर घेतल्याबद्दल ते 2002 मध्ये दोषी ठरले, आणि 2011 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानंही त्यांच्या बाजूनं निकाल दिला नाही. हे बोलावं, खडसावून बोलावं. एका अब्जाधीशाच्या पैशानं राजकारण किती वाकतं हा लोकशाहीत विचारलाच पाहिजे असा प्रश्न आहे.

फरक करायचा तर आधी क्रियापद शोधावं. कोणी, कधी, कोणत्या संस्थेला, किती रक्कम दिली? हे असेल तर टीका आहे, खोटी निघाली तरी टीकाच. 'चालवतो', 'नाचवतो', 'मागे तोच आहे' एवढंच असेल तर सावध व्हावं. मग नाव बदलून पाहावं. राजकारणात भरपूर पैसा ओतणाऱ्या चार्ल्स कोक या ज्यू नसलेल्या अमेरिकन उद्योगपतीचं नाव घातल्यावर वाक्य विचित्र वाटू लागलं, तर वजन कृतीचं नव्हतं, नावाचं होतं. ही चाचणी कधी कधी फसते. बिल गेट्सही असल्या कटकथांत सापडतात आणि ते ज्यू नाहीत. एकट्या तिच्यावर विसंबू नये. सर्वांत भरवशाची खूण विसंगती: एकच माणूस एकाच वेळी भांडवलशहांचा म्होरक्या आणि डाव्यांचा सूत्रधार. वॉल स्ट्रीट आणि बोल्शेविझम (रशियन साम्यवाद) दोन्ही ज्यूंच्या हातात आहेत, हे नाझी प्रचारातलं जुनं सूत्र आहे.

चित्रं शब्दांपेक्षा आधी उघडी पडतात: ऑक्टोपस, कठपुतळीच्या दोऱ्या, पृथ्वीगोलावर पसरलेला हात. हा आजार फक्त उजव्यांचा नाही. 2012 मध्ये लंडनच्या एका भिंतीवर उघड्या माणसांच्या पाठीवर पट मांडून खेळणाऱ्या, ज्यूंच्या जुन्या व्यंगचित्रांची आठवण करून देणाऱ्या सावकारांचं चित्र होतं. मजूर पक्षाचे डावे ब्रिटिश खासदार जेरेमी कॉर्बिन यांनी तेव्हा ते पुसण्यावर प्रश्न उपस्थित केला. चित्र नीट पाहिलं नव्हतं याची खंत त्यांनी 2018 मध्ये व्यक्त केली.

मराठी वाचकापर्यंत हे नाव फेब्रुवारी 2023 नंतर जोरात आलं. सोरोस म्युनिकमध्ये अदानी आणि मोदींबद्दल बोलले, आणि परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी सिडनीत त्यांना झोडपलं. बोललेल्या शब्दांना दिलेलं ते उत्तर होतं. परदेशी देणग्यांचा प्रश्नही खरा आहे, त्यासाठी 2010 चा कायदा आहे. पण व्हॉट्सॲपवर फिरणारा, सोरोस यांचा चेहरा लावलेला ऑक्टोपस हा युरोपातून आयता आलेला माल आहे. बेने इस्रायली हे मराठी बोलणारे ज्यू शतकानुशतकं शेजारी राहिलेल्या कोकणात या द्वेषाला मूळ नव्हतं, त्यामुळे पुढे पाठवणाऱ्याला त्याचा अर्थ बहुधा ठाऊक नसतो. असा संदेश आला तर त्याचे दोन तुकडे करावेत. देणगीची रक्कम आणि तारीख असेल तेवढा भाग ताळेबंदाशी ताडून पाहावा. ऑक्टोपसचा भाग पुढे पाठवू नये, आणि पाठवणाऱ्याला तो कुठून आला ते सांगावं.