ट्रकचे लायसन्स संपू द्यायचे, कार-दुचाकीचे चालू ठेवायचे: गोव्यातील चालकांसाठी माहिती

२०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्यावर डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे भागांतील कित्येक टिप्परचालकांनी दुसरा कामधंदा धरला. लायसन्सवर अवजड वाहनाची नोंद मात्र तशीच राहिली. तिची मुदत जवळ आली की हमखास विचारले जाते: ट्रकचे नूतनीकरण नाही केले, तर स्कूटर आणि कारचे लायसन्सही जाईल का? नाही जात. पण त्यात दोन-तीन खाचखळगे आहेत, ते आधी समजून घ्या.

कार्डावर मुदतीच्या दोन तारखा असतात. ‘एनटी’ म्हणजे खासगी वाहनांची आणि ‘टीआर’ म्हणजे व्यावसायिक वाहनांची. टीआर दर पाच वर्षांनी संपते, घातक माल वाहण्याची परवानगी तीन वर्षांनी. एनटीची मुदत वयावर ठरते: तिशीच्या आत लायसन्स काढले वा नूतनीकरण केले तर वयाच्या चाळिशीपर्यंत, ३० ते ५० मध्ये १० वर्षे, ५० ते ५५ मध्ये साठीपर्यंत आणि त्यापुढे पाच-पाच वर्षे. टीआर संपली तरी एनटी आपल्या तारखेपर्यंत चालू राहते.

म्हणजे ट्रकचा हक्क सोडून द्यायला कसलाही अर्ज लागत नाही. तारीख उलटू द्यायची, इतकेच. मात्र तारीख उलटली की दुसऱ्या दिवसापासून अवजड वाहनाला हात लावायचा नाही. पूर्वी मिळणारी ३० दिवसांची सवलत १ सप्टेंबर २०१९ पासून रद्द झाली आहे. रिकामा टिप्पर गॅरेजपर्यंत नेऊन लावणे हेही चालवणेच. पकडल्यास चालकाला ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, आणि गाडी हाती देणाऱ्या मालकालाही दंड आहे. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करायला निघते. खरा फटका तिथे बसतो.

पुढे विचार बदलला तर? मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला तर चाचणीशिवाय नूतनीकरण होते. वर्ष उलटले की वाहन चालवण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागते, आणि तीही अवजड वाहनावर. ज्याच्या हाती आता टिप्पर नाही, त्याला चाचणीसाठी वाहन मिळवणे हीच मोठी अडचण होते.

आता सर्वांत महत्त्वाचे. सारथी या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर वाहनाचा वर्ग परत करण्याची म्हणजे ‘सरेंडर’ची स्वतंत्र सेवा आहे. ट्रक नको म्हणून अनेकजण तीच निवडतात. तसे करू नका. सरेंडर केलेला वर्ग लायसन्सवरून काढला जातो. तो पुन्हा हवा झाला तर शिकाऊ लायसन्स, ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ म्हणजे प्रशिक्षणाचा दाखला, चाचणी अशी सारी वाट नव्याने चालावी लागते. नुसती मुदत संपली असेल तर वर्षभर दार उघडे राहते.

टॅक्सी, रिक्षा किंवा पायलटचा म्हणजे मोटारसायकल टॅक्सीचा धंदा करणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. टीआरची तारीख सगळ्या व्यावसायिक वर्गांना मिळून एकच असते. ट्रक नको म्हणून ती संपू दिली तर बॅजवर म्हणजे प्रवासी वाहतुकीच्या परवानगीवर चालणारे कामही अडचणीत येते. अशा चालकाने टीआरचे नूतनीकरण करून घ्यावे. फक्त अवजड वर्गच काढायचा असेल, तर तिथे सरेंडरला अर्थ आहे.

टाटा एस, बोलेरो पिकअप यांसारख्या लहान मालवाहू गाडीला काय लागते? ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले की एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन साध्या एलएमव्ही म्हणजे हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते. वजन आरसीवर म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर पाहा, आणि तेही मालासकटचे. त्या दिवशी गाडी रिकामी होती, हा युक्तिवाद टिकत नाही.

एनटीचे नूतनीकरण करताना सारथीवर गोवा निवडून लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख भरावी. क्रमांकाची मांडणी ‘जीए’, कार्यालयाचा दोन आकडी क्रमांक, चार आकडी वर्ष आणि सात आकडी अनुक्रमांक अशी असते. जुन्या पुस्तिकेवरचा अनुक्रमांक लहान असेल तर त्याआधी शून्ये लावून सात आकडे पूर्ण करावे लागतात. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो. मूळ लायसन्स, पत्ता बदलला असल्यास त्याचा पुरावा, आणि चाळिशीच्या आत असाल तर फॉर्म १ म्हणजे तब्येतीचे स्वघोषणापत्र पुरते. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १ए लागतो. त्यात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का, रंगांधळेपणा आहे का, रातांधळेपणा आहे का, असे प्रश्न असतात. डॉक्टरांचा शिक्का आणि नोंदणी क्रमांक पुसट असेल किंवा एखादा रकाना कोरा राहिला, तर अर्ज परत येतो. नूतनीकरणाचे केंद्रीय शुल्क २०० रुपये असून स्मार्ट कार्डाचे पैसे वेगळे.

इथे एक हिशेब पाहा. टीआरच्या नूतनीकरणालाही हाच फॉर्म १ए लागतो. त्यामुळे चाळिशीनंतर दोन्ही मुदती एकाच वर्षात संपत असतील, तर ट्रकचा हक्क सोडून फारसे काही वाचत नाही. दृष्टी आणि तब्येत ठीक असेल तर दोन्ही करून घ्यावे, असे आमचे मत आहे. फक्त एनटी करायचे असेल तर पैसे भरण्याआधी अर्जात कोणते वर्ग आले आहेत ते वाचा, आणि नवे कार्ड हाती आल्यावर दोन्ही तारखा ताडून पाहा.

क्रमांक भरूनही सारथीवर माहिती सापडली नाही, तर बहुधा जुनी नोंद संगणकावर चढलेलीच नसते. मग मूळ पुस्तिका घेऊन वाहतूक खात्याच्या ज्या कार्यालयाने लायसन्स दिले तिथेच जावे लागते: डिचोलीचे असेल तर डिचोलीला, फोंड्याचे असेल तर फोंड्याला. पुस्तिकेवरच्या नोंदी पुसट झालेल्या असतात, म्हणून नोंद करून घेताना दुचाकी आणि एलएमव्ही हे वर्ग सुटले नाहीत ना, ते खिडकीपाशी उभे असतानाच पाहून घ्या.