स्नेहमेळावा (नाशिक)

स्नेहमेळावा : एकेकाळी एकाच वर्गात, वाड्यात किंवा कारखान्यात वावरलेली आणि पुढे पांगलेली माणसे ठरवून पुन्हा समोरासमोर भेटतात, तो प्रसंग. बोलीत त्याला ‘गेट-टुगेदर’ हाच शब्द रूढ आहे. शाळेतल्या वार्षिक स्नेहसंमेलनात कार्यक्रम महत्त्वाचा असतो, स्नेहमेळाव्यात मात्र भेट.

भेटीची जागा आणि वेळ आधीपासून ठरलेली असणे नाशिकला नवे नाही. गुरू सिंह राशीत आला की सुमारे 12 वर्षांनी येथे सिंहस्थ भरतो (2003, 2015) आणि देशभर विखुरलेले साधू एकत्र येतात. वैष्णव आखाडे रामकुंडावर, तर शैव आखाडे त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर स्नान करतात. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरी दिंड्या येतात, तेव्हा वर्षभर न भेटलेले वारकरी उराउरी भेटून एकमेकांच्या पाया पडतात. निरोप कितीही वेळेवर पोचला तरी तो या भेटीची जागा घेऊ शकत नाही.

आजचे मेळावे बहुधा दिवाळीत किंवा मे महिन्यात, पुण्या-मुंबईला गेलेली मंडळी गावी आली की होतात. नाशिकरोडचे छापखाने, ओझरचा विमान कारखाना आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती यांतून निवृत्त झालेलेही असे जमतात. सकाळची मिसळ बहुतेक ठिकाणी ठरलेलीच. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात पुष्कळदा निवृत्त बाई किंवा सर पुन्हा हजेरी घेतात. नाव उच्चारताच पन्नाशी ओलांडलेला माणूस नकळत उभा राहून ‘हजर, बाई’ म्हणतो. एखाद्या नावाला उत्तर येत नाही, आणि त्याचा बाकावरचा जोडीदार मान खाली घालतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर ती बातमी सर्वांना आधीच कळलेली असते, पण तिचे दुःख एकत्र बसून वाटून घेणे येथेच घडते, आणि माझ्या मते मेळाव्याचे खरे मोल याच क्षणी कळते.

रॉबिन डनबार या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मनमोकळे हसल्यानंतर वेदना सोसण्याची क्षमता वाढलेली आढळली. असे हसू एकट्यापेक्षा सोबतीत कितीतरी सहज फुटते. जुन्या खोड्यांच्या आठवणींनी तासभर हसणाऱ्या वर्गमित्रांना हा अनुभव नवा नाही.

घराण्यांच्या पातळीवर अशीच भेट पंचवटीत घडते. तेथील तीर्थोपाध्याय आपल्या यजमानांच्या नामावळी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात. घरातले कोणी गेल्यावर विधीसाठी निरनिराळ्या गावांहून आलेले चुलतभाऊ उपाध्यायांच्या ओसरीवर मांडी घालून बसतात, आजोबांच्या अक्षरातली ओळ बोटाने शोधतात आणि तिच्याखाली मुला-नातवंडांची नावे एकमेकांना विचारून लिहितात.