म्युटेबल ॲरेला कॉपी लावलं की ॲप का झोपतं, त्यामागची जुनी भानगड

ऑब्जेक्टिव्ह-सीमधे (ॲपलच्या ॲप्सची जुनी भाषा) एनएसम्युटेबलॲरेची, म्हणजे बदलता येणाऱ्या यादीची, प्रॉपर्टी कॉपी ("दिलेल्याची प्रत ठेव") लावून डिक्लेअर केली तर कंपायलर चकार शब्द काढत नाही, आणि ॲप मात्र रनटाइमला उताणं पडतं. हे आजचं नाही, याचं मूळ पार नेक्स्टच्या (स्टीव्ह जॉब्जची कंपनी, नंतर ॲपलने घेतली) काळात आहे.

१९९४ च्या ओपनस्टेपमधे (नेक्स्टचा प्रोग्रॅमिंग इंटरफेस) जे फाउंडेशन, म्हणजे मूळ क्लासेसची लायब्ररी, आलं त्यात म्युटेबल ॲरे हा साध्या ॲरेचाच सबक्लास. म्हणजे तुम्ही साधा ॲरे मागितला तरी समोरचा म्युटेबल देऊ शकतो, आणि नंतर तुमच्या नकळत त्यात फेरफार करू शकतो. म्हणून सेटरमधे (प्रॉपर्टीत नवी किंमत ठेवणारी मेथड) कॉपी घेऊन ठेवायची पद्धत पडली. पण कॉपी मेथड म्युटेबल ॲरेवर मारली तरी परत येतो तो न बदलणारा ॲरे, बदलणारा हवा तर म्युटेबलकॉपी वेगळी.

तेव्हा सेटर हातानेच लिहायचे, रिलीज-रिटेनसकट (मेमरी सोडणं-धरणं), त्यामुळे ज्याला जे हवं ते तो लिहायचा. ऑक्टोबर २००७ ला लेपर्डबरोबर (मॅक ओएस एक्स १०.५) ऑब्जेक्टिव्ह-सी २.० आलं, प्रॉपर्टी आल्या, सेटर कंपायलर बनवायला लागला, पण पर्याय दिले तीनच: असाइन, रिटेन, कॉपी. म्युटेबलकॉपीचा दिलाच नाही, आणि माझ्या मते खरी गोची तिथेच झाली. २०११ ला एआरसी (मेमरीचा हिशोब कंपायलरकडे) आलं, स्ट्राँग-वीक (ऑब्जेक्ट धरून ठेवायचा की नाही) आले, कॉपी होतं तसंच राहिलं आणि "स्ट्रिंग, ॲरे दिसला की कॉपी लाव" ही सवयही.

वैताग असा की हा बग लगेच दिसत नाही. इनिटमधे (ऑब्जेक्ट तयार होतानाची मेथड) लोक प्रॉपर्टीमागच्या अंडरस्कोअरवाल्या व्हेरिएबलमधे थेट म्युटेबल ॲरे टाकतात, तिथे सेटर चालतच नाही, सगळं छान. मग कधीतरी रिफ्रेश होतं, कोणीतरी सेल्फ डॉट आयटम्सला नवीन म्युटेबल ॲरे देतं, सेटर गुपचूप कॉपी करतो आणि पुढच्या ॲडऑब्जेक्टला "अनरेकग्नाइज्ड सिलेक्टर", म्हणजे ही मेथड या ऑब्जेक्टकडे नाहीच. एररमधे क्लासच्या नावाच्या शेवटी आय (I) दिसला की समजायचं हातात इम्युटेबल आलाय. क्लँग कंपायलरचा स्टॅटिक ॲनालायझर (कोड न चालवता तपासणारा) नंतर यावर वॉर्निंग द्यायला लागला, पण तो चालवतंय कोण!

स्ट्राँग लावलं की क्रॅश जातो, पण मग तोच ॲरे बाहेरच्याच्याही हातात राहतो, म्हणजे १९९४ चा प्रॉब्लेम परत दारात. त्यापेक्षा हेडरमधे (बाहेरच्यांना दिसणारी फाइल) साधा ॲरे कॉपी-रीडओन्ली ठेवायचा आणि म्युटेबल आत लपवायचा, नाहीतर सरळ म्युटेबलकॉपीवाला सेटर हाताने लिहायचा, २००७ च्या आधी लिहायचे तसा.